ताटीआडचे आणि दाराबाहेरचे

कर्णावर आपल्या कोल्हापूरकरांचे प्रेम फार. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’ दिली, कोवाडच्या रणजित देसाईंनी ‘राधेय’ लिहिली. एकाच जिल्ह्यातून कर्णाच्या दोन मोठ्या कादंबऱ्या! जन्मताच टाकलेला, सूतपुत्र म्हणून हिणवलेला, आतल्या आत जळणारा आणि कोणापुढे न वाकणारा असा हा नायक. विलायतेत लॉर्ड बायरनने १८१२ पासून असल्याच उदास, एकलकोंड्या वीरांची काव्ये लिहिली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. १९७५ च्या ‘दीवार’मधला विजय त्याच कुळीतला.

पण सज्जनहो, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या रागाला सगळे माफ असते काय?

मूळ महाभारत पाहावे. द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे काढून घे, असे दुःशासनाला सांगणारा कर्णच. तिला तो आणखी जे बोलला ते इथे लिहवत नाही. पुढे उद्योगपर्वात श्रीकृष्णांनी जन्माचे गुपित सांगून राज्य देऊ केले, तेव्हा तो स्वतः कबूल करतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना कटू बोललो, त्याचा मला आज ताप होतो. कर्णाचे चाहते इथे पान उलटतात. मला तर तो कवचकुंडले देतानापेक्षा इथेच मोठा वाटतो.

आपल्या माउलींचे काय झाले? संन्याशाची पोरे म्हणून गावाने दूर लोटले, आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुढे कोणी टाकून बोलले आणि माउली ताटी लावून आत बसले. प्रत्यक्ष ज्ञानराज! बाहेर धाकटी मुक्ताई उभी. जगाने छळले हे ती नाकारत नाही. दादाच्या रागाचे कौतुकही करीत नाही. ताटी उघडा, एवढाच तिचा धोशा. ती बहीण कर्णाला मिळाली नाही. त्याला मिळाला दुर्योधन, आणि दुर्योधनाला तो राग हवाच होता.

कोणी म्हणेल, मग सोसणाऱ्याने गप्प बसावे की काय? मुळीच नाही. ‘दीवार’मधला विजय देवळाच्या पायरीवर बसतो तो आपल्या हट्टाने, आई आत जाते, तो जात नाही. चोखोबांना आत जाऊच दिले नाही. ते गप्प बसले नाहीत, त्यांनी अभंगांतून थेट पांडुरंगालाच जाब विचारला. सोयराबाईंनी विटाळाविषयी जे विचारले त्याला भल्याभल्या शास्त्र्यांकडे उत्तर नव्हते. त्या रागाने कुणा द्रौपदीचा पदर ओढला नाही. दार लावणारेही विठ्ठलाचेच नाव घेत होते, आणि ते उघडायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले.

मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या. समाधी झाली ती महाद्वाराबाहेरच.