घाणा कोण थांबवणार?



कोकणातील खेड्यांत आपल्या पूर्वजांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत. धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. तेली इतरही पुष्कळ होते. आपली ओळख पडली ती घाणा थांबवण्यावरून. यंत्रांविषयी आज जी चर्चा चालली आहे, ती ऐकताना मला हे जुने नाव वारंवार आठवते.

“माणसांची कामे यंत्रे घेणार, मग आमच्या नातवंडांनी काय करायचे?” हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. प्रश्न खरा आहे. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बाईची जागा यंत्राने घेतली, तर तिच्या घरची चूल ‘प्रगती’ या शब्दावर पेटत नाही. तिला नवे काम शिकवणे आणि तोवर आधार देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. परंतु काम बदलणे आपल्याला नवे नाही. घाणा सोडून आपली माणसे पलटणीत गेली, मुंबईच्या कचेऱ्यांत, इस्पितळांत, शाळांत गेली. इस्राएलला आल्यावर पुन्हा नवी कामे शिकली. कष्टाचे काम यंत्राने उचलले, तर त्यात वाईट मानण्यासारखे मला काही दिसत नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. काम यंत्राला दिले, पण निर्णयही द्यावा काय? कर्ज कोणाला द्यावे, नोकरीसाठी कोणाला बोलवावे, संशय कोणावर घ्यावा, हे आज अनेक ठिकाणी संगणक सुचवतो आणि माणूस खाली सही करतो.

ब्रिटनच्या पोस्टाचे उदाहरण पाहा. १९९९ पासून तेथील पोस्टांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबपद्धती आली. तिच्यात दोष होते. नसलेली तूट ती दाखवी. गावोगावची लहान पोस्टे चालवणारे लोक कळवळून सांगत होते की आम्ही पैशाला हात लावलेला नाही. पण संगणकाचा आकडा खरा धरला गेला आणि २०१५ पर्यंत ९००हून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे गेली, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये न्यायालयाने पद्धतीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यंत्र चुकले याचे मला फारसे नवल वाटत नाही. इतक्या वर्षांत इतक्या अधिकाऱ्यांपैकी कोणी “थांबा” म्हणाले नाही, याचे वाटते.

आता उलट उदाहरण. २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्री मॉस्कोजवळच्या एका लष्करी केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव हा सोव्हिएत अधिकारी पहाऱ्यावर होता. अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रे सोडली, असे यंत्राने सांगितले. पेत्रोवने विचार केला की खरे युद्ध सुरू करणारा केवळ पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील? त्याने ही खोटी सूचना असल्याचे वर कळवले. पुढे कळले की उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. पेत्रोवला त्या वेळी बक्षीस मिळाले नाही. पण त्याच्या जागी दुसरे यंत्र असते, तर काय झाले असते, याचा विचार आपणच करावा.

यावर कोणी म्हणेल, “माणूसही चुकतो. तो थकतो, रागावतो, नातेवाइकाला झुकते माप देतो.” हे मान्यच केले पाहिजे. यंत्राचा सल्ला पुष्कळदा माणसाच्या मतापेक्षा अचूक असेल, आणि तो जरूर घ्यावा. परंतु मी शाळेत असताना पेपर परत दिले की एखादी मुलगी टेबलापाशी येऊन विचारी, “बाई, माझा गुण कुठे कापला?” मला ती ओळ दाखवावी लागे, कारण सांगावे लागे. ज्याला असे विचारता येते आणि ज्याला उत्तर द्यावे लागते, त्यालाच दुसऱ्याचे भवितव्य ठरवण्याचा अधिकार असावा. यंत्राला लाज नाही, पश्चात्ताप नाही. त्याच्याकडून जाब कसा घेणार?

घाण्याच्या बैलाला झापड बांधलेली असे. बैलाला ते शोभत होते, कारण मालकाचे डोळे उघडे होते. आज भीती अशी, की झापड मालकानेच बांधून घ्यावी आणि बैल नेईल तिकडे फिरत राहावे.

म्हणून ज्या निर्णयाने कोणाची भाकरी, औषधोपचार, स्वातंत्र्य किंवा प्राण जाऊ शकतो, तेथे एक नाव असलेला माणूस हवा. त्याला थांबवण्याचा अधिकार हवा, विचाराला वेळ हवा आणि थांबवल्याबद्दल त्याला शिक्षा होता कामा नये. हे स्वस्तात होणार नाही. शनिवारी घाणा बंद ठेवल्याने आपल्या गरीब पूर्वजांचेही एका दिवसाचे उत्पन्न बुडत होतेच. तरी शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांनी घाणा थांबवला, आणि दहा आज्ञांप्रमाणे त्यांच्याबरोबर बैलालाही विसावा मिळाला. आपल्या मुलानातवंडांना यंत्र चालवायला शाळा शिकवतीलच. ते केव्हा थांबवायचे, हे मात्र त्यांना घरातून शिकवले पाहिजे.