एकच बांगडी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

(इंदूरच्या गुरुवारच्या सत्संगात महाराज जे बोलले ते एका सेवेकऱ्याने उतरवून घेतले. बडोदा, ग्वाल्हेर, बेळगावच्या मंडळींना प्रत्यक्ष येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. घरात सगळ्यांनी मिळून वाचावे.)



दसरा झाला. आता घराघरांत दिवाळीची साफसफाई निघाली असेल. गाद्या उन्हात, डबे खाली, घरधनी शिडीवर आणि घरची लक्ष्मी खालून सूचना देते आहे. चांगलं आहे. लक्ष्मीपूजनाला आपण पैशाबरोबर नव्या केरसुणीलाही हळदकुंकू वाहतो. ज्यांनी हे ठरवलं ते फार शहाणे लोक होते.

मागच्या वर्षी याच दिवसांत, याच गादीवरून मी एक वाक्य बोललो होतो. तुम्ही ते फुलांच्या चित्रावर छापून ग्रुपवर टाकलंत, तिथून ते कुठे कुठे गेलं. ‘ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही, ती घराबाहेर काढा.’ आज ते वाक्य मला अर्धं परत घ्यायचं आहे. का, ते ऐका.

आपल्यातल्याच एका घरची गोष्ट. नाव सांगत नाही. तीन खोल्या, पाच माणसं. मुलगा आणि सूनबाई दोघं नोकरीवाले, दोन नातवंडं, आणि एक काका. माझ्याहून वयानं मोठे, म्हणून मी त्यांना काकाच म्हणतो. काकू जाऊन चार वर्षं झाली. सूनबाई मोठ्या भाविक. माझं वाक्य त्यांनी मनावर घेतलं. काका पहाटे काकडआरतीला गेले होते, तेवढ्यात पलंगाखालची पत्र्याची ट्रंक उघडली गेली. आत जुनी बिलं, फाटकी पंचांगं, दोन स्वेटर, आणि काही वह्या. अटालेवाला दाराशी आलाच होता. सगळं तराजूत गेलं.

त्या वह्यांत काकूंच्या हातची गाणी होती. मंगळागौरीची, भोंडल्याची, पाळणे, डोहाळे. काकू ग्वाल्हेरच्या. त्यांच्या आईकडून आलेली, आजीकडून आलेली गाणी त्यांनी लग्नानंतर आठवून आठवून लिहिली होती. सूनबाईंनी वही चाळली नाही असं नाही. पण अक्षर मोडी वळणाचं, शाई उडालेली. नातवानं पाहिलं, त्याला मराठी वाचता येत नाही. त्याला वाटलं, जुना हिशेब असेल.

दुपारी कळलं तेव्हा मुलगा स्कूटर घेऊन अटाल्याच्या दुकानांत फिरला. मिळालं नाही. काका कुणाला काही बोलले नाहीत. दोन दिवस जेवले मात्र नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, इथे या पायरीवर बसले, आणि एवढंच म्हणाले, “महाराज, तुमचं चुकलं असं मी कसं म्हणू? पण तिचं अक्षर होतं हो ते.”

माझं चुकलंच होतं. वर्षभर हात लागला नाही म्हणून टाकायचं, तर काका त्या वह्यांना हात लावत नव्हते कारण लावला की रडू येत होतं. हे मी धरलंच नव्हतं.

त्या रात्री मी भागवताचा अकरावा स्कंध काढून बसलो. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, तो भाग. आपण दत्तभक्त त्या अवधूताला दत्तप्रभूच मानतो. एकनाथ महाराजांनी हा स्कंध मराठीत उलगडला. पैठणला सुरुवात केली आणि 1573 साली काशीत तो ग्रंथ पुरा केला. चोवीस गुरूंत पृथ्वी आहे, वारा आहे, अजगर आहे, आणि एक साधी मुलगीही आहे.

तिची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण पुन्हा सांगतो. तिला मागणी घालायला पाहुणे आले. घरची माणसं बाहेर गेलेली. पाहुण्यांना जेवू घालायचं, तर तांदूळ कांडलेले नाहीत. ती आत जाऊन कांडायला बसली, तर हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. ही स्वतः कांडते आहे हे पाहुण्यांना कळणार, घरची ओढाताण दिसणार, म्हणून तिला लाज वाटली. तिनं एकेक बांगडी वाढवली. दोन्ही हातांत दोन-दोन ठेवल्या, तरी वाजत राहिल्या. मग एकेकच ठेवली. आवाज थांबला, तांदूळ कांडून झाले.

अवधूतानं यातून एकांताचा धडा घेतला. बरोबर आहे, तो संन्यासी. पण आपण संसारी. ओखळीशी बसलेल्या त्या मुलीकडे आपण जरा आपल्या डोळ्यांनी पाहू.

पहिलं म्हणजे, तिनं बांगड्या उगाच कमी केल्या नाहीत. दाराशी माणूस आला होता, त्याला जेवू घालायचं होतं, आणि बांगड्या त्याच्या आड येत होत्या. आपल्या घरात काय काय माणसाच्या आड येतं ते बघा. ओटीचे ब्लाउजपीस घ्या. हसताय ना? या घरून त्या घरी, त्या घरून परत या घरी. शिवत कुणीच नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे. लग्नात आलेली भांडी, ज्यांच्यावर देणाऱ्याचं नाव कोरलंय म्हणून दुसऱ्याला देताही येत नाहीत. तारीख उलटून गेलेली औषधं. ही तर पहिली काढा, कारण रात्री चष्मा न लावता म्हातारं माणूस तीच गोळी घेईल. मोरीच्या वाटेवर रद्दीचे गठ्ठे, त्याला अडखळून कुणी पडलं की हाड मोडतं आणि सगळं घर अंथरुणाला खिळतं. एका घरी मी पाहिलं, मुलगी बारावीची परीक्षा जिन्यात बसून अभ्यासून देतेय, आणि आतल्या खोलीत ‘कधीतरी लागेल’ म्हणून तीन जुने कूलर. तिथे मात्र मी ते वाक्य परत घेत नाही. कूलर आजच काढा.

दुसरं, तिनं काढल्या त्या आपल्या हातातल्या. आईच्या बांगड्यांना हात लावला नाही.

इथे मला तुकोबाराय आठवतात. वडिलांची सावकारी होती, लोकांकडून येणं होतं, त्याची खतं घरात होती. ती त्यांनी इंद्रायणीत बुडवली, हे सगळे सांगतात. पण परंपरा पुढे काय सांगते, ते आपण विसरतो. आधी त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबांना, बोलावलं. अर्धी खतं त्यांच्या वाट्याची म्हणून त्यांच्या हाती दिली. मग राहिलेली आपली अर्धी नदीत सोडली. एवढा विरक्त पुरुष! सगळीच बुडवली असती तर कोण अडवणार होतं? पण भावाचा भाग बुडवण्याचा हक्क वैराग्यानंही आपल्याला मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून या दिवाळीला असं करा. आधी आपलं कपाट उघडा. सासूबाईंचं नंतर, तेही त्यांना शेजारी बसवून. एका दिवसात एकच खण. वस्तू हातात द्यायची आणि विचारायचं, “आई, हे कुणाचं? कसं आलं?” त्या सांगतील. वेळ लागेल, लागू द्या. पुष्कळदा असं होतं की गोष्ट सांगून झाली की वस्तू त्या स्वतःच सोडतात, “दे आता कुणाला तरी” म्हणतात. नाही सोडली तर ठेवा. जिथे मराठी अक्षर दिसेल तिथे घरातल्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय एक कागदही बाहेर जाता कामा नये. आपण पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात, गुजरातेत, कानडी मुलखात राहिलो. आपली पुष्कळशी मराठी छापलेल्या पुस्तकांत नाही, ती आपल्या आज्यांच्या वह्यांत आहे.

आणि सासूबाई, सासरेबुवा, तुम्हालाही सांगतो. सुनेनं एक खण मागितला तर तो तिचा हक्क आहे. वीस वर्षं या घरात राबून तिची साडी अजून खुर्चीच्या पाठीवर असेल, तर तुमच्या सुतळीच्या गुंड्यांना कपाटात बसायचा काही अधिकार नाही.

आता तिसरं, आणि हे माझ्याबद्दल. देवघर. एका घरी मी माझे फोटो मोजले. अकरा! एकीकडे दत्तप्रभू, कुलदेवी, अन्नपूर्णा, बाळकृष्ण कोपऱ्यात दाटीवाटीनं, आणि पुढे मी. त्यात तीन कॅलेंडरं, कुठल्या यात्रेचा वाळलेला प्रसाद, हातात बांधून झालेले गंडे, पाच शिश्या गंगाजळाच्या. रोज पुसायला अर्धा तास लागतो, मग पूजेला पाच मिनिटं उरतात. बाळांनो, माझा एक फोटो पुरे. तोही नसला तरी मी रागावणार नाही. जुन्या तसबिरी पिंपळाखाली नेऊन ठेवू नका. तिथे कुत्री फिरतात, पावसात देव भिजतात, आणि आपण मागे वळूनही पाहत नाही. ज्याला नमस्कार केला त्याला रस्त्यावर सोडायचं नाही. काच आणि चौकट वेगळी करा, कागद हात जोडून तुळशीच्या मातीत द्या. इंदूर शहरानं कचरा वेगवेगळा करायला शिकून देशात पहिला नंबर आणला. देवाच्या बाबतीतच आपण का गोंधळतो?

फोनमधल्या सुप्रभातांबद्दल आज बोलत नाही. तुम्ही मलाच पाठवता.

काकांचं पुढे काय झालं, हे सगळे विचारतात. ते आजही आले आहेत, मागे खांबाशी बसतात तेच. मी त्यांच्या घरी गेलो, सूनबाई दारातच रडायला लागल्या. मी म्हटलं, “बाई, तू माझं ऐकलंस. अर्धा दोष माझा.” काका आतून म्हणाले, “आता वाटण्या नकोत, आधी चहा घ्या.” त्यानंतर पहिल्यांदा सासरे आणि सून एका ताटाशी बसले.

नात आता रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसते. काकांना गाणी आठवतात तशी ते म्हणतात, ती उतरवून घेते. आधी तिला मराठी लिहिता येत नव्हतं, जोडाक्षरं अजून चुकतात. काही पाळण्यांची एकच ओळ आठवते, तिथे तिनं खाली जागा कोरी सोडली आहे. मी म्हटलं, ग्वाल्हेरला काकूंच्या माहेरचं कुणी असेल तर विचारा. ग्वाल्हेरची मंडळी हे वाचत असतील तर त्यांनीही आपल्या घरातल्या आज्यांना विचारावं.

परवा तिनं ती वही मला दाखवली. देवघरात ठेवतो म्हणाली. मी विचारलं, अगं, तुमच्या देवघरात जागा कुठे होती? तर म्हणते कशी, “तुमचे दोन फोटो काढले, महाराज.”

श्री गुरुदेव दत्त.