रविवारची सुट्टी कोणाची?



काही महिन्यांपूर्वीचा एक रविवार आम्हाला अजून आठवतो. सकाळच्या मिस्सामध्ये प्रवचनाचा विषय होता शब्बाथ. फादरांनी विषय सोपा करून सांगितला. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात उभे राहून आम्ही प्रवचनाची तारीफ केली, वाटेत रांगेत उभे राहून मटण घेतले आणि घरी आलो. दुपारी पाहुणे जेवायला यायचे होते. घरी आजींनी दार उघडून दिले होते आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशी मोरीत बसून रात्रीची भांडी घासत होत्या. अंगात ताप असल्याचे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. आम्ही म्हटले, "मावशी, बरे नव्हते तर यायचे कशाला?"

त्या म्हणाल्या, "रविवारीच तर तुमच्याकडं जास्त भांडी असत्यात. नाही आले तर तुम्हीच म्हणाल, नेमकी रविवारी दांडी मारली."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या खरे तेच सांगत होत्या, कारण तसे आम्ही पूर्वी म्हटले होते, आणि एकदा नव्हे. मिस्सामध्ये ऐकलेली देवाची आज्ञा आमच्या मोरीपर्यंत पोहोचलीच नव्हती.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. आजच्या ख्रिस्ती माणसाने शब्बाथ पाळायचा का? पाळायचा तर कोणत्या दिवशी, आणि कसा?

शनिवार की रविवार?

दिवसाचा प्रश्न आधी पाहू. शब्बाथ म्हणजे आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे शनिवार. आपले यहुदी बांधव तो आजही पाळतात आणि काही ख्रिस्ती पंथही शनिवारच पाळतात. मग आपण रविवारी का जमतो? कारण प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी मरणातून उठला. संत पौल त्रोवस येथे असताना तिथले श्रद्धावंत आठवड्याच्या पहिल्या दिवशीच भाकर मोडण्यासाठी जमले होते, असे 'प्रेषितांची कृत्ये'च्या विसाव्या अध्यायात आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात हाच 'प्रभूचा दिवस' आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना, प्रभुभोजन आणि गरिबांसाठी दान हा आपल्या मिस्साचा क्रम सहज ओळखू येतो.

इथे एक गोष्ट आपण विसरतो. पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती लोकांना रविवारी सुट्टी नव्हती. सम्राट कॉन्स्टंटाईनने इसवी सन ३२१ मध्ये शहरांतले व्यवहार रविवारी बंद ठेवण्याचा हुकूम काढला, आणि त्यातूनही शेतकऱ्यांना सूट होती. त्याआधी आपले पूर्वज पहाटे कामाच्या आधी किंवा रात्री काम संपल्यावर जमत. त्यांत गुलामही होते. त्रोवसच्या त्या रात्री पौलाचे बोलणे लांबले आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण डुलकी लागून खाली पडला. तो दिवसभर राबून आला असेल का? शास्त्र तसे सांगत नाही. पण सकाळच्या मिस्सामध्ये डुलकी घेणाऱ्या शेजाऱ्याकडे रागाने पाहण्यापूर्वी युतुखाची आठवण अवश्य ठेवावी. त्याच्या घरी वेळेवर झोपण्याइतकी सवड आहे का, हेही पाहावे.

आज्ञा कोणासाठी आहे?

संत पौल कलस्सैकरांस लिहितो की शब्बाथावरून कोणी तुमचा न्याय करू नये. मग ही आज्ञा संपली का? नाही. ती दहा आज्ञांपैकी एक आहे. प्रभू येशूने शब्बाथ मोडून काढला नाही. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, ही त्याची शिकवण आपल्याला तोंडपाठ आहे. मात्र त्यातला 'माणूस' म्हणजे फक्त आपण, असा अर्थ आपण सोयीने लावतो.

शास्त्रात ही आज्ञा दोनदा येते. निर्गमाच्या पुस्तकात तिचे कारण सृष्टीची निर्मिती आहे: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण निराळे आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि देवाने तुम्हाला सोडवले, याची आठवण ठेवा. म्हणून मुलामुलींनी, दासदासींनी, बैल आणि गाढवाने, वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यानेसुद्धा त्या दिवशी विसावा घ्यावा, तुमच्या दासाला तुमच्यासारखाच विसावा मिळावा. म्हणजे या आज्ञेत तीन गोष्टी आहेत: देवासाठी वेळ, स्वतःसाठी विसावा आणि आपल्या हाताखाली राबणाऱ्यांसाठी विसावा. पहिली आपण बऱ्यापैकी पाळतो, दुसरी आवडीने पाळतो आणि तिसरी साफ विसरतो.

कोकणातले 'शनिवार तेली'

आपल्या कोकणाने शब्बाथ जवळून पाहिला आहे. अलिबागच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्राएल तेलाचा धंदा करीत. बोली मराठी, पोशाख इथलाच. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. पुढे त्यांतले अनेकजण मुंबईला आले आणि १७९६ मध्ये मांडवी भागात त्यांचे सिनेगॉग उभे राहिले. त्याआधीच्या कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ सिनेगॉग नव्हते, तरी शनिवारचा विसावा सुटला नव्हता. आणि घाणा थांबला की घाण्याचा बैलही थांबतो. शास्त्रात सांगितलेला बैलाचा विसावा त्यांच्या अंगणात दर आठवड्याला घडत होता.

शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ते त्यांनी एक दिवस न केलेल्या कामावरून. आपले हिंदू आणि मुसलमान शेजारी आपल्याला कशावरून ओळखतात? नाताळचा केक, रविवारचे चांगले कपडे, घंटेचा आवाज. आपल्या घरी राबणाऱ्या माणसाला रविवारी विसावा असतो, अशी आपली ओळख आहे का?

गिरणगावचा रविवार

आज आपल्याला रविवार हक्काचा वाटतो. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांना तो सहज मिळाला नाही. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, गोरे साहेब चर्चला जात, पण गिरणीचा भोंगा वाजतच राही. १८८४ मध्ये महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली एक मागणी होती आठवड्यात रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सूर्यास्तानंतर काम बंद, याही मागण्या होत्या. म्हणजे तोपर्यंत काय चालत असेल, याची कल्पना करावी. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री कामगारांनीही तिथे भाषण केले. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा आमच्या माणसांनाही तोच हवा, अशी त्यांची मांडणी सांगितली जाते. अनुवादाच्या पुस्तकातली दासाच्या विसाव्याची आज्ञा मुंबईच्या मालकवर्गाला मान्य करायला लावली ती एका सत्यशोधकाने आणि हजारो अडाणी म्हटल्या गेलेल्या कामगारांनी. त्यानंतर सुमारे अकरा महिन्यांनी, मे १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक निघाले. त्यात कामगारांच्या रविवारच्या विसाव्याचा आग्रह आहे. देवाचे काम कधी कधी चर्चच्या भिंतीबाहेर आधी सुरू होते, हे नम्रपणे मान्य करावे.

आज त्या गिरण्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव बदलत गेले. कित्येक गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे आहेत. ज्या भागात कामगारांनी रविवार मिळवला, त्याच भागात आज रविवारी सर्वांत जास्त गर्दीचे काम असते. विक्री करणारी मुलगी, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, सगळे त्या दिवशी उभे असतात. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी लागते, पण ती पाळीपाळीने देता येते. विसावा राहिला, पण सर्वांचा मिळून एक दिवस राहिला नाही. आईला बुधवारी सुट्टी आणि मुलाला रविवारी, मग त्या घरात एकत्र जेवण कधी व्हायचे?

ज्यांना रविवारी कामावर जावेच लागते

रविवारी ड्यूटी असलेली नर्स, बसचा चालक, मेगाब्लॉकमध्ये रुळांवर काम करणारा रेल्वे कामगार, हे सगळे पाप करतात का? मुळीच नाही. प्रभूने शब्बाथ दिवशी अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीला सरळ केले. विहिरीत पडलेला बैल त्या दिवशीही बाहेर काढावाच लागतो. लोकांच्या आवश्यक सेवेसाठी किंवा कुटुंबाच्या गरजेसाठी काम करावे लागले, तर ख्रिस्तसभा दोष देत नाही. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. तेही जमले नाही तर आपल्या सुट्टीच्या दिवशी थोडा वेळ देवाजवळ बसावे. पहाटे जमणाऱ्या त्या पहिल्या ख्रिस्ती गुलामांची आठवण अशा बंधुभगिनींना धीर देईल.

पण जिथे सक्ती नसते, तिथे आपण स्वतःला सूट देऊ नये. मुलाची क्लासची परीक्षा रविवारी सकाळी आहे, म्हणून वर्षभर मिस्सा चुकवणे ही गरज नव्हे. माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला न चुकता जाणारे आपल्यातले काहीजण रविवारी घरी असतात. नोव्हेना चांगलाच आहे, पण तो रविवारची जागा घेऊ शकत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये 'दिएस दोमिनी' हे प्रेषितीय पत्र खास रविवारवर लिहिले, ते उगीच नाही. रविवार हा केवळ 'वीकएंड' होऊन जाईल, ही त्यांची काळजी होती.

पुन्हा मावशींकडे

आता काहीजण म्हणतील, मावशी ख्रिस्ती नाहीत, त्यांना रविवारचे काय? पण आज्ञेत वेशीच्या आतला परकाही आहे. दुसरे म्हणतील, आपण सुट्टी दिली तर त्या दुसरीकडे कामाला जातील. जातीलही. पण दासाने त्या दिवशी काय केले याचा हिशोब देव मालकाकडे मागत नाही, मालकाने काय केले ते विचारतो. तिसरे म्हणतील, पगार कापून सुट्टी देऊ. ती सुट्टी नव्हे, तो उपास आहे. मॉलमधल्या मुलीच्या सुट्टीमागे निदान कायदा उभा आहे. घरात काम करणाऱ्या बाईंची सुट्टी मात्र आपल्याच मनावर असते. म्हणूनच तिचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

आम्ही मावशींना रविवारची भरपगारी सुट्टी सांगितली, तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. "दुसरी बाई ठेवली काय?" असेच त्यांनी आधी विचारले. सोमवारी आल्यावर आम्ही विचारले, काल काय केले? म्हणाल्या, "काही नाही. झोपले." त्या एका शब्दात आम्हाला अनुवादाचा पाचवा अध्याय अधिक कळला.

घरी मात्र सगळे सुरळीत झाले असे नाही. रविवारी भांडी कोणी घासायची यावरून वाद होतात. आता साधे जेवण करतो, पाहुण्यांनाही ताट उचलायला सांगतो. एका मोठ्या सणाला आम्ही पुन्हा मावशींना बोलावले आणि नंतर ओशाळलो. आज्ञा एकदा पाळून संपत नाही, ती दर आठवड्याला येते.

तेव्हा शब्बाथ पाळायचा का, याचे उत्तर आम्हाला असे वाटते: दिवस बदलला, जुन्या नियमांचे ओझे उतरले, पण आज्ञा उरली. येत्या रविवारी मिस्साहून घरी परतताना प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: आज माझ्या विसाव्यासाठी कोण राबत आहे, आणि त्याचा रविवार कधी असतो? ज्या देवाने आपल्याला गुलामीतून सोडवले, तो आपल्या घरातून दुसऱ्या कोणालातरी थोडे सोडवण्याची बुद्धी आपल्याला देवो.