अर्ज पोचेपर्यंत

बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंतांनी ‘केकावली’ रचली. ते सगळं काव्य म्हणजे देवापुढे केलेली एक लांबलचक विनवणी. पंत तिथे स्वतःला निर्दोष म्हणवत नाहीत. आपले दोष पदरात घेऊन, आधी उद्धरलेल्यांचे दाखले देत, ते देवाशी जवळजवळ वाद घालतात. ज्याचा अपराध नाही तो न्याय मागतो. दया मागायची पाळी येते ती अपराध पदरी असलेल्यावर. शिक्षा झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या कैद्याच्या सुटकेच्या अर्जावर आपण पहिल्यांदा विचारतो, “पण त्यानं केलं काय होतं?” त्याचं उत्तर न्यायालयानं कधीच देऊन ठेवलेलं असतं. अर्ज विचारतो ते वेगळंच. उरलेले चार दिवस या माणसानं कुठे काढावेत?

आपल्या पुणे जिल्ह्याला हा प्रश्न जुना आहे. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झालेले गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. १२ जानेवारी १९२४ रोजी ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली आणि ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांना बिनशर्त सोडलं. वीस वर्षांनी आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असलेल्या कस्तुरबा हृदयविकारानं खंगत गेल्या. त्यांना कुणी सोडलं नाही. २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या तिथेच गेल्या. पुढे गांधीजींची प्रकृती ढासळली तेव्हा मात्र ६ मे रोजी दारं उघडली. त्या सुटकेत दया थोडी आणि गांधी आपल्या कैदेत मरतील ही धास्ती मोठी, असं मला वाटतं. नामवंत कैद्याच्या मरणाची सरकारला भीती तरी वाटते. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या कैद्याच्या मरणाची कुणाला वाटणार? त्याच्यासाठी दया एवढीच काय ती वाट.

कधी कधी नाव असूनही ती वाट सापडत नाही. फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. कंपवातानं हात थरथरत, पेला धरवत नसे. पाणी पिण्यासाठी नळी मिळावी म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. त्यांच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. ५ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाचं प्रकरण निघालं, तेव्हा ते गेल्याचं न्यायाधीशांना सांगण्यात आलं. ते वाचून मी दिवसभर अस्वस्थ होतो. कुणी मुद्दाम क्रूरपणा केला असंही म्हणावं लागत नाही. तारखा पडत गेल्या की तेवढ्यानं भागतं.

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात केंद्रानं कैद्यांना विशेष माफी जाहीर केली. दुर्धर आजाराचे, साठी ओलांडलेले पुरुष, पन्नाशी ओलांडलेल्या बाया असे गट ठरले आणि सुटकेसाठी तीन दिवस ठरले: १५ ऑगस्ट २०२२, २६ जानेवारी २०२३, १५ ऑगस्ट २०२३. चांगलं झालं. पण जन्मठेपेचे कैदी त्यातून वगळले होते, आणि तुरुंगात म्हातारे होतात ते मुख्यतः तेच. शिवाय आजार काही झेंडावंदनाची वाट पाहत थांबत नाही.

आता आपल्याविषयी. पॅरोलचा असो वा सुटकेचा, अर्ज फिरत फिरत कैद्याच्या गावच्या पोलीस ठाण्यात येतो. हा गावात आला तर शांतता राहील का, एवढं विचारलं जातं. पोलीस पाटील, शेजारी, भावकी यांच्या बोलण्यावर अहवाल उभा राहतो. बांधाचं जुनं भांडण किंवा निवडणुकीतला राग त्यात उतरला, की “आल्यास तणाव संभवतो” असं एक वाक्य पुरतं. म्हणजे येरवड्यात कोण मरेल आणि घरी कोण मरेल, याचा थोडा निकाल आपल्या पारावरही लागतो. तिथे विचारलं तर खरं तेवढंच सांगावं.

पण कैद्याच्या हातून ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घराचं काय? त्यांना विचारलंच पाहिजे, त्यांच्या भीतीची दखल घेतलीच पाहिजे. मात्र “माफ करा” असं त्यांना सांगायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. दया सरकारनं दाखवायची आहे. तिचं ओझं त्या घरावर टाकणं हा दुसरा अन्याय होईल. आजारी माणसाला दुसऱ्या गावी लेकीकडे राहण्याची अट घालता येते, ठाण्यात हजेरी लावता येते.

कोठडीतल्या माणसाला, त्याची मिळकत कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं मोफत वकील मिळतो. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वृद्ध आणि दुर्धर आजारी कैद्यांसाठी खास मोहीमही सुरू केली. ज्यांच्या घरचं कुणी आत आजारी आहे, त्यांनी दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत आणि तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे जावं. कागद वाचता येत नसतील, तर शेजारच्या शिकल्यासवरल्या पोरानं एक दिवस कामाला सुट्टी टाकून त्यांच्यासोबत जावं.