पाचवं कारण

माझ्या कामात माणूस गेला की आलेखावरची रेघ एक पायरी खाली उतरते. एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये ही रीत घालून दिली. आता कॅन्सरचा असो, हृदयाचा असो, कुठल्याही मोठ्या शोधनिबंधात ती पायऱ्यापायऱ्यांची रेघ दिसतेच. डावीकडे सगळे जिवंत असतात आणि उजवीकडे सरकावं तसे कमी होत जातात. मध्येच अभ्यास सोडून गेलेल्यांसाठी रेघेवर एक बारीक उभी खूण असते. त्यांचं पुढे काय झालं ते माहीत नाही, पण जितके दिवस ते आपल्यासोबत होते तितके हिशेबात धरायचे. मला ही खूण नेहमीच सभ्य वाटत आली आहे. मी संख्याशास्त्र शिकलो पुण्यात. नोकरीची सगळी वर्षं मात्र गेली मिनेसोटात, हृदयात बसवायच्या यंत्रांच्या चाचण्यांची आकडेमोड करण्यात. घर ईडन प्रेरीत. १८५२ साली एलिझाबेथ एलेट नावाच्या लेखिकेने हे माळरान पाहून त्याला नंदनवनाचं नाव दिलं. याच गावातून पर्गेटरी क्रीक नावाचा ओढाही वाहतो. पापक्षालनाच्या लोकाचं नाव ओढ्याला कुणी दिलं, कोण जाणे, पण त्याच्या काठी फिरायला सुरेख वाट आहे.

माझा एक मित्र, मूळचा सांगलीचा, सत्तेचाळिसाव्या वर्षी स्टेरिंग लेकभोवती पळताना छाती धरून खाली बसला. सिगारेट नाही, दारू नाही, शाकाहारी. आदल्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी त्याचे आकडे गणितात घालून, येत्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता दोन-तीन टक्के, असं सांगितलं होतं. तो वाचला, पण हृदयाचा बराच स्नायू गेला.

घरी आल्यावर भेटायला माणसांची रीघ लागली. आपली माणसं रिकाम्या हाताने येत नाहीत; कुणी मऊ भात आणला, कुणी बिनतेलाच्या भाज्या. आणि प्रत्येकाने बायकोला स्वयंपाकघरात गाठून हळूच तेच विचारलं. फॅमिली हिस्ट्री होती का? कोलेस्टेरॉल? ऑफिसात फार ताण होता का? एकाने तर तो उपाशीपोटी पळायचा हे शोधून काढलं आणि त्याचा चेहरा एकदम हलका झाला. तो स्वतः पळत नव्हता. या चौकशांत माया नव्हती असं नाही, पण विचारणारा आपलं नाव यादीत नाही ना, हेही तपासून घेत असतो. बायबलातल्या ईयोबाचे तीन मित्र असेच समाचाराला येतात. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात आणि मग तोंड उघडून त्याची चूक शोधू लागतात. शेजारचे निवृत्त लुथरन पाद्री म्हणाले, त्या मित्रांचे पहिले सात दिवसच काय ते बरे होते.

मग सांगलीहून काकू आल्या, मित्राची आई. त्यांनी काहीच विचारलं नाही. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "प्रारब्ध आहे रे बाबा." सून संतापली. मागच्या जन्माचं बिल याच्या नावावर कशाला फाडता, असं तिने त्यांना तोंडावर विचारलं. रात्री काकू मला म्हणाल्या, "तू एवढे मेल्याजगल्याचे हिशेब करतोस. माझं प्रारब्ध तिला पटत नाही. मग तू सांग, त्यालाच का?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या शास्त्राकडे नाही आणि ते आम्ही मुद्दाम ठेवलेलंच नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावी १९४८ मध्ये ५,२०९ माणसांना घेऊन हृदयविकाराचा अभ्यास सुरू झाला. १९६१ साली त्याच अभ्यासाच्या निबंधाने 'रिस्क फॅक्टर' ही भाषा रूढ केली. त्याआधी वैद्यकाला एका रोगाचं एक कारण हवं असे. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्ये दाखवला, तसं काहीतरी. फ्रेमिंगहॅमने प्रश्नच बदलला. याला का, हे विचारणं सोडलं आणि अशा हजारांपैकी किती जणांना, हे विचारायला सुरुवात केली. त्यातून रक्तदाबावरच्या उपचारांना आणि सिगारेटविरुद्धच्या मोहिमेला बळ मिळालं, लाखो जीव वाचले. हजारातला हा एक कोण, याबद्दल मात्र ते शास्त्र तेव्हापासून मौन पाळून आहे.

काकूंचं प्रारब्ध नेमकं तिथेच बोलू लागतं. टिळकांच्या 'गीतारहस्या'तलं दहावं प्रकरण, कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्याचं, मी त्या आठवड्यात पुन्हा काढून वाचलं. संचित, प्रारब्ध, क्रियमाण अशी कर्माची तीन खणांची वाटणी आपण सगळे करतो. टिळक तिसरा खण काढून टाकतात. ज्याचं फळ भोगायला सुरुवात झाली ते प्रारब्ध, ज्याचं झाली नाही ते अनारब्ध, बस. सुटलेला बाण परत घेता येत नाही, पण भाता तुमच्याजवळ आहे. हे मांडणारे टिळक मधुमेही होते. ते १ ऑगस्ट १९२० रोजी गेले आणि जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं. अशा मुलांच्या बाबतीत जे त्याआधी अटळ होतं ते त्यानंतर अटळ राहिलं नाही. प्रारब्धाची हद्द अशी दीड वर्षात सरकते, तेव्हा ती कुणी आखली होती, असा प्रश्न मला पडतो.

मित्राच्या दोन-तीन टक्क्यांची गोष्टही अशीच हद्दीची आहे. ते गणित २०१३ मधलं. ज्या लोकांवरून ते बसवलं त्यांत मिनीयापोलिसच्या उपनगरांतली माणसंही आहेत, म्हणजे आमच्या आसपासचीच, पण जवळपास सगळी गोरी. गणितात गोऱ्यांचा एक रकाना, काळ्यांचा एक. आमच्यासारख्यांनी गोऱ्यांच्या रकान्यात बसायचं. दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा मुद्दा धरा, असं अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत २०१८ साली आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक त्याच्या कितीतरी आधीपासून हे सांगत होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तंतोतंत एक, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आणि ही तऱ्हा जन्मापासूनची. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून केलेल्या पाहणीत बाळं भरली सरासरी २.७ किलोंच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीनच्या. पुण्याची बाळं हाडामांसाने बारीक, पण चरबी तेवढी राखून असलेली. आईच्या पोटातच, निदान काही अंशी आईच्या ताटात काय पडलं त्यावरून ठरलेलं. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळे."

इथे मला माझ्या शास्त्राचा राग आला. काकू गरोदर होत्या तेव्हा काय खायला मिळालं होतं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. आजाराचं कारण म्हणून आपण जे सांगतो ते ऐकणाऱ्याच्या कानाशी पोचेपर्यंत आरोप होऊन बसतं. आरोपाबाबत प्रारब्ध आणि रिस्क फॅक्टर सख्खी भावंडं आहेत.

प्रारब्धाने हे फार मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. तुमचा जन्म अमुक जातीत झाला, तुमच्या वाट्याला उपास आला, म्हणजे तुमची तीच योग्यता असणार. भोगणं हाच पुरावा. आंबेडकरांनी, तेही मधुमेहाने पोखरलेले होते, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या शेवटच्या ग्रंथात मागच्या जन्माचं कर्म या जन्मी भोगण्याची कल्पना स्पष्ट नाकारली. दारिद्र्याचा दोष दरिद्री माणसाच्याच पूर्वकर्मावर ढकलला की समाज आणि राज्य मोकळं होतं, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आमच्या गावातलंच उदाहरण देतो. ऑप्टम या आरोग्यक्षेत्रातल्या बलाढ्य कंपनीचं मुख्यालय ईडन प्रेरीत आहे. गंभीर आजारी माणसांपैकी जादा देखभाल कुणाला द्यावी हे सुचवणारं तिचं एक गणित अमेरिकेतल्या रुग्णालयांत वापरलं जाई. ऑक्टोबर २०१९ मध्ये झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका गणिताची चिरफाड 'सायन्स'मध्ये छापली. निबंधात कंपनीचं नाव नव्हतं. वर्तमानपत्रांनी ते दिलं. गणित जातीवर्णाकडे बघतच नव्हतं. ते बघत होतं खर्चाकडे. ज्याच्यावर पुढे जास्त खर्च होईल तो जास्त आजारी, इतकं सरळ. पण काळ्या रुग्णांवर तितक्याच आजारात कमी खर्च होत आलेला होता, म्हणून गणिताच्या लेखी ते तितके आजारी नव्हतेच. हा दोष काढला तर जादा देखभालीसाठी आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत काळ्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं निघालं. कंपनीने पुढे संशोधकांसोबत काम केलं आणि हा पक्षपात ८४ टक्क्यांनी कमी करता येतो हेही दिसलं, ते नोंदवायला हवं. पण ज्याला आजवर मिळालं नाही त्याला गरजच नाही, हा निष्कर्ष कुणा भटजीने काढला नव्हता. माझ्यासारख्याच, हेतू चांगले असलेल्या हिशेबनिसांनी काढला होता.

मग काय धरायचं? गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत. अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली आणि पाचवं दैव. शंकराचार्य तिथल्या दैवाचा अर्थ इंद्रियांच्या देवता असा लावतात. मी हिशेबनिसाच्या नजरेने वाचतो, मला ती आमच्या समीकरणाची मांडणी दिसते. ज्ञात गोष्टी एकेक करून मांडायच्या आणि त्यांतून जे सुटतं त्यालाही शेवटी एक जागा द्यायची. लागलीच पुढे असंही येतं, की एवढी कारणं असताना जो एकट्या आत्म्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. समाचाराला आलेल्या मंडळींना हे ऐकवावं असं मला फार वाटलं होतं. ऐकवलं नाही, मऊ भात आणणाऱ्याला गीता ऐकवू नये. पण माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. पाचव्या जागेत आपल्या सोयीचा मजकूर भरायचा नाही. काकूंनी त्यात मागचा जन्म भरला, पाहुण्यांनी उपाशीपोटी पळणं भरलं. आजार होण्याआधी, हजारांना, सावध करण्यासाठी कारणं सांगावीत. झाल्यावर, एकाला, त्याच्या खाटेशी बसून ती सांगणं हा धर्मही नाही आणि शास्त्रही नाही.

काही महिन्यांनी मित्राच्या छातीत यंत्र बसवायचं ठरलं, ठोका बिघडला तर आतूनच धक्का देणारं. त्याने मला विचारलं, "हे मला वाचवेल?" २००२ च्या मॅडिट-टू चाचणीत अशाच दुबळ्या हृदयाचे १,२३२ रुग्ण होते. सरासरी वीस महिन्यांत, यंत्र नसलेल्यांपैकी १९.८ टक्के गेले, यंत्र असलेल्यांपैकी १४.२. म्हणजे शंभरांत पाच-सहा वाचले. ते पाच-सहा कोण, हे त्यांना स्वतःला कळलं नाही, त्यांच्या डॉक्टरांना नाही आणि आम्हालाही नाही. शंभरच्या शंभर जणांनी छातीत यंत्र वागवलं. मी त्याला एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, वागवतो."

काकूंनी इकडे सांगलीच्या गणपतीला नवस बोलला होता आणि संकष्ट्या चालू केल्या होत्या. त्यांना एकदा मी, थोडा खोडसाळपणाने, २००६ च्या प्रार्थनेच्या चाचणीची हकीकत सांगितली. सहा रुग्णालयं, त्यांत आमच्या मिनेसोटातलं मेयो क्लिनिक. बायपासचे १,८०२ रुग्ण. प्रार्थना करणाऱ्या तीन गटांपैकी एक इथल्याच सेंट पॉल शहरातल्या मठातला. ज्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, अशा दोन गटांना आपण कुठल्या गटात आहोत हे ठाऊक नव्हतं. त्यांच्यात गुंतागुंत झाली ५२ आणि ५१ टक्क्यांना. तिसऱ्या गटाला, तुमच्यासाठी प्रार्थना होणार, असं खात्रीने सांगितलं होतं. त्यांच्यात ५९ टक्क्यांना.

"त्या प्रार्थना करणाऱ्यांना पेशंट माहीत होते का?" काकूंनी विचारलं.

"पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर, तेवढंच."

"मग ती प्रार्थना कसली? टपाल झालं ते." आणि वाटाण्याच्या शेंगा सोलत त्या पुढे म्हणाल्या, "आणि मी तो बरा व्हावा म्हणून उपास करते असं तुला कुणी सांगितलं? तो तिकडे सोसतोय, मी इकडे नुसती जेवत बसू?"

चाचणीत मोजलं होतं तीस दिवसांतल्या गुंतागुंतीचं प्रमाण. काकू ज्यासाठी उपाशी राहत होत्या त्याचा रकाना तिथे नव्हता, आणि तो असायला हवा होता असंही मला वाटत नाही.

मित्राच्या पुण्यातल्या धाकट्या भावाला मात्र मी फोन करून चरबीच्या सगळ्या तपासण्या करून घ्यायला लावल्या. जन्मतःच ठरलेली आणि एकदा तपासली की पुरते अशी लायपोप्रोटीन-ए सुद्धा. त्याच्या रिपोर्टांवर बोलणं चाललं होतं तेव्हा काकू शेजारीच होत्या. त्यांना स्वतःचा दहा वर्षांच्या शक्यतेचा आकडा हवा झाला. मी सांगितलं, हे गणित चाळीस ते एकोणऐंशी वयापर्यंतच चालतं, तुमचं एक्क्याऐंशीवं आहे, तुमच्यासाठी आकडा नाही.

"नाही ना?" त्या म्हणाल्या. "मग ते तूप इकडे दे."