एक्स-रेची मूळ फाइल

चि. मृणाल,


काल व्हॉट्सअ‍ॅपवर खालच्या दाढेचा आयोपीए (तोंडातला छोटा एक्स-रे) पाठवून तू विचारलंस, "मावशी, इथे कीड धरायची का?" त्या फोटोवरून उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही. साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं. आता क्लिनिक तुझं स्वतःचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जेपेग, म्हणजे फोटो दाबायची नेहमीची पद्धत, हे 1992 चं मानक. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं, प्रत्येकातले बारीक चढउतार वेगळे काढतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे टाकून देतं. लग्नाच्या फोटोत हे खपून जातं. आपलं सगळं लक्ष मात्र नेमकं त्या बारकाव्यावर असतं. दोन दातांच्या मधल्या इनॅमलमधली सुरुवातीची कीड म्हणजे राखाडीतली किंचित गडद छटा. फार दाबलं की ती शेजारच्या छटेत मिसळते, नाहीतर चौकोनांच्या कडाच सावलीसारख्या दिसतात आणि निरोगी दातावर ड्रिल चालतं. रूट कॅनालमधल्या दहा नंबरच्या फाइलचं, म्हणजे त्या सुईसारख्या हत्याराचं, टोक 0.10 मिलिमीटरचं, ते एपेक्सच्या, म्हणजे मुळाच्या शेंड्याच्या, किती अलीकडे थांबलंय, हे पुसट चित्रावर ठरवू नकोस.

पण म्हणून प्रत्येक जेपेगला घाबरायचं कारण नाही. हलक्या दाबाने निदान बिघडत नाही, असंच अभ्यासांत दिसत आलंय. अक्कलदाढ आडवी आलीय हे पेशंटला दाखवायला जेपेग पुरेसं आहे. आधी प्रश्न कोणता आहे ते बघ.

मूळ फाइल मात्र जपायलाच हवी. अनेक सेन्सर 12 बिटांत, म्हणजे 4096 छटांत नोंद करतात. साध्या जेपेगमध्ये 256 उरतात. मग काँट्रास्ट कितीही ओढलास तरी गेलेलं परत येत नाही, आणि तेच जेपेग सुधारून पुन्हा सेव्ह केलंस की आणखी थोडं जातं. डायकॉममध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रतिमांच्या मानक फाइलप्रकारात, काहीही न गमावता दाबायची सोय आहे, ती वापर. जागा तेवढी वाचणार नाही, पण हार्ड डिस्क विकत मिळते. मूळ पुसल्यावर शंका आली तर एक्स-रे पुन्हा काढावा लागतो, आणि तो डोस, कितीही कमी असला तरी, पेशंटच्या अंगावर जातो. हे मला खरंच सहन होत नाही.

दुसऱ्याचं मत हवं असेल तेव्हा स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढू नकोस. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव. डायकॉमच्या पोटातही पेशंटचं नाव असतं, ते आधी काढ.

नवं सॉफ्टवेअर घेणार आहेस ना? विक्रेत्याला समोर बसवून एक आयोपीए डायकॉममध्ये बाहेर काढून दाखवायला सांग, आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघ. त्याआधी पैसे देऊ नकोस.

तुझी,
मावशी