कुत्र्याचा घास : उरलेला की केलेला?

भूतदया हा शब्द आम्हा वारकऱ्यांच्या तोंडी इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ काय असे कोणी सहसा विचारीत नाही. पण अर्थ तपासायचाच झाला, तर फार दूर जावयास नको. दाराशी कुत्रे बसलेले असते, त्याच्यापुढे आपण काय टाकतो एवढे पाहिले तरी पुरे.

अलीकडे आटपाडीसारख्या गावांतूनही काही घरी कुत्र्यासाठी निराळा खाऊ करू लागले आहेत. पीठ मळायचे, छोट्या वड्या पाडायच्या, भाजून डब्यात भरून ठेवायच्या. जुनी माणसे हे पाहून हसतात. म्हणतात, "माणसाला मिळंना, आन् कुत्र्याला खाऊ!" हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आटपाडी हा माणदेश. पाऊस इथे नेहमीच हात आखडून पडतो. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, 2012-13 साली ज्यांनी छावणीत जनावरांपाशी रात्री काढल्या, त्यांना पिठाच्या मुठीची किंमत आम्ही काय सांगावी? तेव्हा प्रश्न असा : उरलेसुरले टाकले म्हणजे भूतदया झाली की नाही? मुद्दाम करून घालणे हा धर्म, की नुसती हौस?

प्रथम माणदेशातल्याच धनगराकडे पाहू. मेंढरांचा कळप रानात बसला, की रात्री लांडग्याच्या आणि कळपाच्या मध्ये उभे राहते ते कुत्रे. म्हणून बाई भाकऱ्या थापायला बसली की कुत्र्यांच्या भाकरीचे पीठ आधीच हिशेबात धरते. त्याला कोणी लाड म्हणत नाही. ज्याने राखण केली त्याचा तो वाटा आहे. हा संबंध फार जुना. कुत्रे मूळचे लांडग्याच्या कुळातले. पण माणसाच्या संगतीत ते धान्य पचवायला शिकले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की पिठूळ अन्न पचवण्याच्या कामी येणाऱ्या एका जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्याहून कितीतरी अधिक असतात. म्हणजे माणसाच्या अन्नाने त्याचे पोट घडवले. त्या पोटाची काही जबाबदारी माणसावर येते की नाही?

आता उरलेल्याचा विचार करू. सातारा-सांगलीकडे कांदा-लसूण मसाल्यावाचून कालवण नाही. रात्री उरलेली आमटी शिळ्या भाकरीवर ओतली आणि कुत्र्यापुढे सारली, की आपल्याला पुण्य केल्यासारखे वाटते. पण कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजवलेला असो की वाळवून कुटलेला असो, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना बाधतो. एकदा थोडे पोटात गेले तर कळूनही येत नाही. जास्त गेले किंवा रोज जात राहिले तर जनावर फिकट पडते, धापा टाकते. त्याहून वाईट बेदाणा. आमच्या जिल्ह्यात तासगावचा बेदाणा घरोघर असतो. शिऱ्यात घालतो, लाडवात घालतो आणि प्रसाद म्हणून प्रेमाने कुत्र्यालाही देतो. द्राक्ष आणि बेदाणा यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एखाद्याला काहीच होत नाही, एखादे थोडक्यातच जाते. कोणाला बाधेल हे आधी सांगता येत नाही. 2021 साली अमेरिकेतील काही पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर बोट ठेवले. तेच आम्ल चिंचेतही असते. चॉकलेट कुत्र्याला विषच आहे, आणि बिनसाखरेच्या गोळ्यांतले झायलिटॉलही.

सज्जनहो, इथे नामदेवरायांची कथा आठवते. कुत्रे भाकरी घेऊन पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोणी म्हणेल, "बघा, तूप घातलं ना त्यांनी! मग आम्ही तुपातला लाडू घातला तर बिघडलं कुठं?" आमचे म्हणणे असे, की कथेचे मर्म तुपात नाही, धावण्यात आहे. आपली भाकरी गेली याचे दुःख नामदेवांना झाले नाही. खाणाऱ्याला कोरडे खावे लागेल याचे झाले. त्यांनी त्याच्या घशाचा विचार केला. आज पशुवैद्य सांगतात, की फार तूप-तेल कुत्र्याला सोसत नाही, स्वादुपिंडाला सूज येते. मग तूप ओतीत राहणे म्हणजे नामदेवांची नक्कल झाली, अनुकरण नव्हे. खाणाऱ्याच्या सुखाकडे बघून आपला हात आवरणे, हे अनुकरण.

म्हणून आम्हाला वाटते, करून घालणे हा धर्मच आहे. मात्र काय करायचे ते खाणाऱ्याच्या देहाने ठरवावे, करणाऱ्याच्या हौसेने नव्हे. वैश्वदेवात श्वानाचा भाग जेवणाआधी काढून ठेवतात, तो याच भावनेने. आणि याला खर्च तरी कितीसा? ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ, त्यात उकडून कुस्करलेला तांबडा भोपळा नाहीतर रताळे. मीठ नको, गूळ-साखर नको, मसाला नको. शंकरपाळ्याएवढे तुकडे करून मंद आचेवर तव्यात कोरडे होईस्तोवर भाजावेत आणि पुरते निवू द्यावेत. हा खाऊ झाला, जेवण नव्हे. दिवसाच्या आहारात त्याचा भाग दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा. मूठभर पिठात आठवडा निघतो. माणसाच्या तोंडचा घास यात कोठे काढला जातो? उलट वाढदिवसाला कुत्र्यापुढे केक ठेवून त्याचे फोटो काढणे, यात पीठही जाते आणि दयाही.

माळकरी घरात आणखी एक पेच पडतो. आपल्याकडे अंडे-मांस शिजत नाही, मग कुत्र्याचे काय? व्रत आपण घेतले आहे. कुत्र्याच्या गळ्यात कोणी माळ घातलेली नाही. नुसत्या भाकरीवर त्याला ठेवून आपल्या व्रताचा भार त्याच्यावर टाकू नये. त्याच्या ताकदीला काय लागते ते पशुवैद्याला विचारावे आणि तेवढी सोय करावी. ज्याला घास घातला त्याला रेबीजची लसही टोचून घ्यावी. नाहीतर आपल्या दयेची किंमत शेजाऱ्याचे पोर देईल.

उरलेले देऊच नये असे आमचे म्हणणे नाही. बिनमिठाची, बिनकालवणाची भाकरी शिळी असली तरी चांगली. पण देताना क्षणभर थांबून पाहावे : हे मी त्याच्यासाठी देतो आहे, की माझे भांडे रिकामे व्हावे म्हणून? उत्तर ज्याचे त्याला ठाऊक असते. कुत्रे तर दोन्ही वेळा शेपूट हलवते. ते तक्रार करीत नाही, म्हणूनच विचार आपण करावयाचा.